करणी कुणी केली?

इस्लामपूरच्या एका ताईंनी विचारलंय. पोरगी नववीत, बीजगणितात 'करणी' आलीय, म्हणजे √२ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ, आणि ते कानावर पडल्यापास्नं आजी लिंबू उतरून टाकायला निघाल्यात. तर असला शब्द कशाला, सरळ अंडररूट म्हटलं तर काय बिघडतं, आणि असलं समीकरण सोडवल्यावर दोन उत्तरं येतात त्यातलं एक सर खोडतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

अंडररूट! सांगलीत कुठल्याही क्लासच्या जिन्यात उभं रहा, 'अंडररूट नऊ बरोबर तीन'. अहो नऊ मुळाखाली बसलाय एवढंच सांगितलंत, मूळ काढलंय कुठं? वर्गमूळ म्हणायला जीभ झिजते का?

आता करणी. जादूटोण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक, तो सोडा, खरी गंमत दोरीत आहे. यज्ञाची वेदी दोरीनं आखायचे, शुल्ब म्हणजे दोरीच, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात 'द्विकरणी' येते, म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस 'करणारी'. आपल्याकडं गवंडी फक्की मारायच्या आधी या कोपऱ्यातनं समोरच्या तिरक्या कोपऱ्यात दोरी ताणून बघतो ना, चौरस खोली असली की तीच द्विकरणी, म्हणजे बाजूच्या √२ पट. या √२ चा बौधायनाचा हिशोब बघा, एक, त्यात त्याचा तिसरा हिस्सा, त्या हिश्श्याचा चौथा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा. पाच दशांश स्थळांपर्यंत बिनचूक! समीकरणातलं 'करण' पण त्याच कृ धातूचं, हिंदी बोलणारे गवंडी थापीला करनी म्हणतात ते पण. आणि करणीबाधेतही गंडेदोरे असतातच, तेव्हा तिचं घराणं पण दोरीचंच असं माझं म्हणणं, विद्वानांनी नाक मुरडलं तर मुरडू दे.

हेच विद्वान सांगत फिरतात की करणी हा पाठ्यपुस्तकवाल्यांनी पाडलेला शब्द. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात क २ आणि क ८ ची बेरीज क १८ करून दाखवलीय, म्हणजे √२ + √८ = √१८, तो 'क' करणीचाच, आणि तुमचं √ चिन्ह जर्मन पुस्तकात छापलं गेलं १५२५ साली. ज्यांना करणीचा इंग्रजी 'सर्ड' गोड लागतो त्यांच्यासाठी, लॅटिनात त्याचा अर्थ बहिरा. करणारी सोडून बहिरी आणायची घरात?

हां, ते खोडलेलं उत्तर राहिलंच. √(क्ष + ६) = क्ष. दोन्हीकडं वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, उत्तरं ३ आणि −२. आता −२ घालून बघा, डावीकडं √४ म्हणजे २, उजवीकडं −२. वर्ग करताना वजाचं चिन्ह पुसलं गेलं आणि हे गुपचूप आत शिरलं. मी त्याला 'उपरं' म्हणतो. आजींना म्हणावं, लिंबाचं सरबत करा.