बाय कुणाच्या पदरात?

प्रश्न : रात्री जागून अमेरिकेतल्या यूएस ओपन पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) स्पर्धेच्या मॅचेस बघतो. नावाजलेल्या खेळाडूंना सीडिंग (मानांकन) देऊन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात, त्यामुळे ते एकमेकांसमोर लवकर येतच नाहीत. छोट्या स्पर्धांत तर त्यांनाच बाय, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश मिळतो. एंट्री फी सगळ्यांना सारखी, मग हा वशिला कशाला? सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या तर काय बिघडेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काय बिघडतं ते मी स्वतः बिघडवून पाहिलंय. वीसेक वर्षांपूर्वी दादरच्या एका पूल पार्लरमध्ये आमची एट-बॉलची (पूलचा एक प्रकार) स्पर्धा होती. नावं आली 21, ड्रॉचा कागद 32 घरांचा. बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढत मी निघेल ते नाव वरून खाली लिहीत गेलो. 21 घरं भरली, खालची 11 कोरी राहिली. एकविसाव्या चिठ्ठीवाल्याला पहिल्या फेरीत पुढे चाल, दुसऱ्या फेरीतही पुढे चाल. उपांत्यपूर्व फेरीत त्याने एक मॅच काढली. उपांत्य फेरीत समोरचा अख्खा कप्पाच रिकामा! एका विजयावर गडी फायनलला. वरच्या बाजूचा मुलगा चार मॅचेस जिंकून आला होता. टेबलापाशी उभा राहून तो क्यूला (खेळायच्या काठीला) खडू लावत होता आणि माझ्याकडे बघत होता. ती नजर विसरलेलो नाही. डबा चोख होता, घोळ माझ्या कागदात होता.

बाय येतो तो वजाबाकीतून. बाद पद्धतीला 8, 16, 32, 64 असेच आकडे लागतात. 32 वजा 21, म्हणजे अकरा बाय द्यावेच लागणार. उरलेले दहा जण पाच मॅचेस खेळतील. हे सगळे बाय पहिल्याच फेरीत संपवायचे, कुणालाही दुसरा मिळता कामा नये. मी नेमकं इथेच चुकलो.

तुम्ही बघता त्या यूएस ओपनचं म्हणाल, तर 2019 ला लास वेगासमध्ये 256 खेळाडू घेतले होते. हाही त्याच दुपटीच्या ओळीतला आकडा, तो भरला की एकही बाय लागत नाही. शिवाय तिथे सुरुवातीच्या फेऱ्यांत दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. पहिल्याच दिवशी जोशुआ फिलर वाट्याला आला (त्या वर्षी तोच जिंकला) आणि हरलात, तरी हरलेल्यांच्या बाजूने वर यायला वाव असतो. वाट लांबची पडते, एवढंच.

आता सीडिंग. मी त्याच्या बाजूचा आहे, पण मोजक्याच. दोन सगळ्यात तगडे खेळाडू पहिल्या फेरीत भिडले, तर एक कप्पा ओस पडतो आणि त्या कप्प्यातल्या कुणाला तरी फुकट वाट मिळते. म्हणून वरचे 16 किंवा फार तर 32 वेगळे ठेवावेत. त्याखाली चाळिसावा आणि साठावा यांत आधी नऊ रॅक (डाव) जिंकायच्या शर्यतीत फरक तो काय? तिथे तुमचा डबाच बरा.

आणि रँकिंग कमवायला स्पर्धांना जावं लागतं. विमान, व्हिसा, हॉटेल, एंट्री फी. ज्याला ते परवडत नाही, तो कितीही चांगला खेळला तरी यादीत दिसत नाही. 1985 मध्ये ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत सेझार मोरालेस नावाचा अनोळखी फिलिपिनो आला आणि सगळ्यांना हरवून गेला. तो होता एफ्रेन रेयेस, खोट्या नावाने खेळत होता. पुढे 1994 ला यूएस ओपन आणि 1999 ला जागतिक नाइन-बॉल (पूलचाच दुसरा प्रकार) स्पर्धा जिंकला. त्या दिवशी यादी बघून त्याला सीड कोण देणार होतं?

बाय म्हणजे निव्वळ फायदाच, हेही मला पटत नाही. बायवाला थंड हाताने टेबलावर येतो. समोरचा एक मॅच खेळून आलेला. त्या कापडावर पांढरा चेंडू किती धावतो, कुशनवरून कसा उसळतो, ब्रेक (रॅक फोडणारा पहिला फटका) कुठून मारला की चेंडू पॉकेटमध्ये जातो, हे त्याच्या हाताला कळलेलं असतं. त्यात जिंकेल त्याचाच ब्रेक असा नियम असला, की बायवाला खुर्चीत बसून चार रॅक नुसते बघत राहतो. 2025 च्या जागतिक स्नूकरमध्ये सोळा सीडेड खेळाडू थेट इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मुख्य फेरीत होते. झाओ शिनतोंग मात्र पात्रतेच्या चार मॅचेस जिंकून आला आणि पुढच्या पाच जिंकून विश्वविजेता झाला.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. एका स्पर्धेत सीड कोण, हे एंट्री बंद झाल्यावर ठरलं आणि एक बाय आयोजकांच्या भाच्याला गेला. विचारलं तर म्हणे, ‘फॉर्मात आहे तो.’ सीडची यादी फी भरण्याआधी भिंतीवर लागलेली असली पाहिजे. तुम्ही कुठे नाव देणार असाल, तर आधी ती मागा.

मी अजूनही अधूनमधून ड्रॉ काढतो. आधी बायची घरं कागदभर विखरून पेन्सिलीने रेघ मारून ठेवतो, जमलेल्यांना दाखवतो आणि मगच डबा उघडतो.