एक मिक्सर मागवला, दोन आले. दुसरा ठेवला तर काय बिघडलं?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑनलाइन एक मिक्सर मागवला, पैसे एकाचेच गेले, दारात खोकी दोन आली, आठ दिवसांत कोणाचा फोन नाही, तर दुसरा ठेवून घ्यायला काय हरकत आहे? आणि पुढे तुम्हीच लिहिलंय, 'एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो.'

प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं आहे. परत करा. बाकीचं लिहितोय ते तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण तो फरक मी वीस महिने भरलाय. दरमहा पाचशे रुपये.

२००८ साल. बारावीनंतर मी पुण्यात भांड्यांच्या एका होलसेलरकडे डिस्पॅचला लागलो होतो. पगार साडेपाच हजार. ऑर्डर बघून माल काढायचा, खोक्यावर मार्करने गावाचं नाव टाकायचं, चलन फाडायचं, टेम्पो भरून घ्यायचा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस जेवायला फुरसत नसायची. धनत्रयोदशीला घरोघर भांडं घेतात, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या दुकानांना कुकर, परात, डबे सगळं आधी पोचलेलं हवं.

आमचा टेम्पो पुणे-नाशिक रस्त्याने जायचा. त्या रस्त्यावर दोन गावांत एकाच देवीच्या नावाची दोन दुकानं, मालक वेगळे, एकमेकांशी संबंध नाही. अलीकडच्या दुकानाची ऑर्डर पाच लिटरच्या कुकरच्या दोन पेट्या, नारायणगावच्या दुकानाची चार. टेम्पो भरायचा नियम साधा: शेवटच्या गावाचा माल आधी, आत, पहिल्या गावाचा माल शेवटी, दाराशी. त्या पहाटे हमाल आला नाही, मी आणि ड्रायव्हरने मिळून भरला आणि दोन्ही दुकानांच्या पेट्या दाराशी एकावर एक लागल्या. चूक माझी. ती मी तेव्हाही नाकारली नाही, आज तर मुळीच नाही.

अलीकडच्या गावात दुकानाच्या पोराने सहाच्या सहा पेट्या उतरवून घेतल्या. ड्रायव्हर बिल द्यायला आत गेला होता, बाहेर येईपर्यंत पेट्या दुकानात. चलन दोन पेट्यांचं, सही दोन पेट्यांवर. नारायणगावात टेम्पोचं दार उघडलं तेव्हा आत कुकर नव्हतेच.

संध्याकाळी फोन केला. पलीकडून शांत आवाज, 'चलन बघा की. दोन लिहिलंय, दोन आल्यात.' कागदावर सगळं बरोबर होतं. त्यांच्याकडे दोन, आमच्याकडे चार कमी.

एका पेटीत सहा कुकर, म्हणजे चोवीस नग, आमच्या भावाने साडेआठशेला एक. वीस हजार चारशे. शेठनी वरचे चारशे सोडले आणि त्या चारशेंबद्दल पुढे बरीच वर्षं ऐकवलं. उरलेले निम्मे माझ्यावर, निम्मे ड्रायव्हरवर. कंपनीला काय फरक पडला? काही नाही. अगदी बरोबर आहे तुमचं. कंपनीला काहीच फरक पडला नाही.

आता खरं दुखणं. जानेवारीत शेठनी मला त्याच दुकानात वसुलीला पाठवलं. मालक गल्ल्यावर, मी समोर स्टुलावर. सहज वर बघितलं तर माळ्यावर एक पेटी, अजून न फोडलेली. बाजूला निळ्या मार्करने 'ना. गाव'. अक्षर माझं. माझ्या 'व'चं शेपूट खाली लांब जातं, शाळेत त्यासाठी मार खाल्लेला आहे. खोकं भिंतीकडे फिरवून ठेवण्याचीही तसदी त्या माणसाने घेतली नव्हती. मी वर बघतोय हे त्याने पाहिलं, आणि म्हणाला, 'चहा सांगू का?'

आणि मी चहा घेतला.

त्याने मागची बाकी रुपयाचा रुपया मोजून दिली, माझ्याकडून पावतीवर सही घेतली, तारीख टाकायला सांगितली. हिशेबाला एकदम चोख माणूस. मी वीस वर्षांचा, तो शेठचा जुना गिऱ्हाईक, आणि शेठचं पहिलं वाक्य 'गिऱ्हाईक तोडायचं नाही'. परत येताना ड्रायव्हरला सांगितलं तर तो चाकणपर्यंत शिव्या देत होता. निम्म्या त्या दुकानदाराला, निम्म्या मला.

पुढे मी बाहेरून बी.कॉम. केलं. व्यापारी कायद्याच्या पेपरला १८७२ चा करार कायदा होता. कलम ७० खाली एक उदाहरण दिलंय: एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल सोडतो, तो दुसरा माणूस माल आपलाच समजून वापरतो, तर त्याने त्याचे पैसे द्यायला हवेत. रात्री अकरा वाजता ते वाचून मी पुस्तक मिटलं. गोऱ्या साहेबाने १८७२ साली माझ्या कुकरवर कायदा करून ठेवला होता! त्यानंतरचं कलम ७२ तर आणखी सरळ आहे: चुकून मिळालेला पैसा किंवा वस्तू परत करायची. चूक पाठवणाऱ्याची होती का, पाठवणारा श्रीमंत आहे का, असलं काही त्यात विचारलेलं नाही. माल विक्रीच्या १९३० च्या कायद्यातही कलम ३७ आहे. मागवल्यापेक्षा जास्त माल आला तर जादाचा नाकारा, किंवा सगळाच नाकारा. सगळा ठेवलात तर ठरल्या भावाने सगळ्याचे पैसे द्या. 'ठेवा आणि गप्प बसा' असा चौथा पर्याय मी शोधून पाहिला, नाही सापडला.

हे सगळं मी २०२१ च्या भाऊबीजेला माझ्या साडूला ऐकवलं होतं. त्याच्याकडे एकाच्या जागी दोन एअर फ्रायर आले होते, आणि जमलेल्या सगळ्यांना तो ते लॉटरी लागल्यासारखं सांगत होता. माझं ऐकून म्हणाला, 'चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नये.' मी म्हटलं, लक्ष्मी कुरियरने येत नाही. मग त्याने हुकमाचा एक्का टाकला: न्यू जर्सीतला पुतण्या म्हणतो, तिकडे कायदाच आहे, आलेली वस्तू आपली. आहे ना, १९७० चा आहे. पण तो आणलाय न मागवलेला माल टपालाने लोकांच्या माथी मारून मागून पैसे मागणाऱ्यांना चाप लावायला. आणि दुसरं म्हणजे आपण हडपसरला राहतो.

त्यावर 'तू उंटावरचा शहाणा' हे ठरलेलं उत्तर आलं. तो साखर आणायला जातो तेव्हा काटा पाच ग्रॅम इकडेतिकडे झाला तर दुकानदाराशी भांडतो, हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

तुमचं सांगतो. ॲपमध्ये ग्राहक सेवेच्या चॅटवर लिहा: एक मागवला, दोन आले, जादाचा घेऊन जा. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. खोकं फोडू नका, टेप तशीच राहू द्या. तुम्ही ते पाठीवर घेऊन त्यांच्या गोडाऊनला जायची गरज नाही, पदरचा खर्च करायचीही नाही. नाकारलेला माल स्वतः परत पोचवायला गिऱ्हाईक बांधलेला नाही, कळवलं की पुरे, हेही त्याच १९३० च्या कायद्यात, कलम ४३ मध्ये आहे. त्यांनी लेखी कळवलं की 'राहू द्या', तर खुशाल ठेवा, मी स्वतः येऊन त्यात चटणी वाटेन. कळवूनही महिनोन्महिने कोणी आलंच नाही तर तुम्ही तुमचं केलंत, त्यात पाप वगैरे मला दिसत नाही.

हो, आणि फोनवरून कोणी 'जादा पार्सल आलंय, ओटीपी सांगा, माणूस पाठवतो' म्हणालं तर ओटीपीही देऊ नका आणि मिक्सरही. पिकअप ॲपमध्ये दिसला तरच द्या. आधी बिलही नीट बघा, एकावर एक फुकट अशी योजना असेल तर माझा हा सगळा निबंध वाया.

पार्सल देणाऱ्या पोराच्या पगारातून कापतात का, असं कोणी खाली विचारेल. कुठे कापतात, कुठे नाही. त्याचं मीटर तुमच्या घरात बसून दिसत नाही. माझंही त्या दुकानदाराला दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं म्हणूनच चहा सांगितला.

साडूचा दुसरा एअर फ्रायर अजून त्यांच्या ओट्यावर आहे. पहिला त्याने बहिणीला दिला. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तर त्यातली गरम कोथिंबीर वडी पुढे आली. मी म्हटलं, नको, आज मंगळवार आहे. बायको सगळ्यांसमोर म्हणाली, 'तुमचा मंगळवार कधीपासून?'