इन्सुलिन पंप: नियम सगळ्यांना एक, पंप मात्र काहींनाच

इंग्लंडमध्ये टाइप 1 मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) असणाऱ्यांना एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून इन्सुलिन पंप, म्हणजे अंगावर लावून सतत थोडं थोडं इन्सुलिन देणारं छोटं यंत्र, मोफत मिळू शकतो. तरीही तिथल्या मराठी वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: त्यांना मिळाला, मग आम्हाला का नाही? त्यांतल्या काही पत्रांना आज उत्तरं देते.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातल्या मुलीला पंप आहे, आम्ही मात्र दिवसाला चार-पाच वेळा टोचतो. क्लिनिकमध्ये सांगतात, "आधी इन्सुलिनच्या पेनवर नीट स्थिर व्हा, मग बघू." दीड वर्ष झालं. माझं इंग्रजी बेताचं आहे, त्यामुळे तर नाही ना? (लेस्टर)

ताई, ही शंका मनात ठेवू नका, क्लिनिकमध्ये बोलून दाखवा. शुगर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेल्या आणि त्यावरून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पंपाला तिथे हायब्रिड क्लोज्ड लूप म्हणतात. कोणते उपचार एनएचएसने द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये टाइप 1 असलेल्या मुलांसाठी त्याची शिफारस केली. मुलांना एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) अमुकच हवा, अशी अट त्यात नाही, आणि "आधी स्थिर व्हा" हीसुद्धा नाही. एप्रिल 2024 पासून पाच वर्षांत हे सगळ्यांपर्यंत पोहोचवायचं ठरलं आहे, म्हणून रांग आहे हे खरं. पण रांगेत मुलं पुढे आहेत.

इंग्लंड आणि वेल्समधल्या मुलांच्या मधुमेहाची दरवर्षी राष्ट्रीय पाहणी होते. गरीब वस्त्यांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांकडे पंप कमी असतात, हे त्यात वर्षानुवर्षं दिसतं. नियम एकच असताना हे होतं, कारण निवड क्लिनिकच्या खोलीत होते. मी पूर्वी जिथे नर्स होते, तिथल्या बैठकीत विचारलं जायचं, "या आईला हे यंत्र जमेल का?" उत्तर बऱ्याचदा तिच्या इंग्रजीवरून ठरायचं. एक आई चौकटीची वही आणायची. सकाळची शुगर निळ्या शाईत, रात्रीची लाल, आणि शेजारी "पोहे, एक वाटी, शाळेत पीटी". तीन महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता. ती वही बैठकीत कुणी उघडलीच नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले, ते मला आजही सलतं.

तुम्ही लेखी विचारा: माझ्या मुलाला पंप का नाही, कधी मिळणार, आणि हे कोण ठरवतं? पुढच्या भेटीला दुभाषी मागा. तो मोफत असतो, मराठीसाठी आधी कळवावं लागतं, इतकंच. घरात मोठी मुलगी असली तरी तिला दुभाषी म्हणून नेऊ नका. इन्सुलिनच्या डोसबद्दल बोलताना तिच्यावर तो भार नको.

गोदामात रात्रपाळी करतो. पंपाआधी पाच दिवसांचा कोर्स सक्तीचा आहे म्हणतात. सुट्टी मिळत नाही, दोनदा नाव कटलं. (स्लाउ)

तुम्ही म्हणता तो बहुधा डाफ्ने कोर्स, जेवणानुसार इन्सुलिन ठरवायला शिकवणारा. सोमवार ते शुक्रवार सलग असतो, तसाच आठवड्यातून एक दिवस असा पाच आठवड्यांचाही असतो. तोच मागा, ऑनलाइन काही आहे का तेही विचारा. शिक्षण हवंच, कारण जेवणातले कार्ब (कर्बोदकं) तुम्हालाच मोजून पंपाला सांगावे लागतात. पण रात्रपाळीमुळे जमलं नाही म्हणून कुणी "अनुत्सुक" ठरत नाही. फाइलमध्ये तसा शेरा असेल तर दुरुस्त करायला लावा.

आणखी एक. कार्बच्या पुस्तिकेत ब्रेड, पास्ता, बटाटा सापडतो, भाकरी शोधावी लागते. पीठ वजन करा: 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम कार्ब, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 35. घरच्या हातची भाकरी चार-पाच वेळा मोजलीत की नजरेला अंदाज बसतो.

माझा एचबीए1सी 7.2 आहे. "छान कंट्रोल आहे, पंपाची गरज नाही" म्हणतात. पण रात्री शुगर लो होते, नवरा उठवून साखर भरवतो. (मँचेस्टर)

मोठ्यांसाठी एचबीए1सी 7.5 टक्के किंवा जास्त हवा ही अट आहे, पण ती एकटीच नाही. शुगर वारंवार, अनपेक्षित लो होत असेल, त्याची सतत धास्ती असेल आणि जगणं अवघड होत असेल, तर तेवढ्यावरही तुम्ही पात्र ठरू शकता. आपल्याकडे डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की तोंडातून "बरं आहे" निघतं. तसं म्हणू नका. प्रत्येक रात्रीची तारीख, वेळ, आकडा आणि उठवावं लागलं का, हे लिहून द्या. नवऱ्याला सोबत न्या, तुम्हाला जे आठवत नाही ते त्यांनी पाहिलेलं असतं. क्लिनिकमध्ये पंपाची सोयच नसेल, तर जिथे आहे तिथे पाठवायला जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, सांगा.

वडिलांना टाइप 2 आहे, चार वेळा इन्सुलिन. त्यांना पंप? (बर्मिंगहॅम)

सध्याच्या नियमांत टाइप 2 साठी पंप नाही. पण दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना शुगर वारंवार लो होत असेल तर दंडावरचा सेन्सर मिळू शकतो. तो मागा.

मुलगी पुण्याहून एम.एस्सी.साठी जातेय, टाइप 1 आहे, पंप आम्ही इथे स्वतः घेतलाय. तिथे सामान मिळेल?

विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरला की ती एनएचएसची रुग्ण होते. पोहोचल्याच्या आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवायचं, मधुमेह क्लिनिकची चिठ्ठी घ्यायची आणि एफपी92ए फॉर्म भरायचा, म्हणजे औषधांचे पैसे पडत नाहीत. पण तिचा पंप तिथले लोक आपोआप पुढे चालवतील असं धरू नका. निकषांवर नव्याने ठरेल आणि त्यात महिने जातील, म्हणून नळ्या, सुया, सेन्सर तीन-चार महिन्यांचे द्या. इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत सविस्तर पत्र घ्या: डोस, एचबीए1सी, लो होण्याचा इतिहास, पंप केव्हापासून.

पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. नळी निघाली किंवा तुंबली तर काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढू लागतात. झटपट आणि दीर्घकाळ काम करणारी, दोन्ही प्रकारची इन्सुलिन पेनं आणि कीटोनच्या पट्ट्या तिच्या हातातल्या बॅगेत हव्यात. विमानाच्या खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं.