वाचकांचे प्रश्न : इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात महिन्याला किती तास पडतात?

प्रश्न : मुलीचे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झाले आहे. विमान कंपन्यांची भरती निघेपर्यंत एएफआय (सहायक उड्डाण-प्रशिक्षकाचे रेटिंग) करून विदर्भातल्या एका प्रशिक्षण संस्थेत इन्स्ट्रक्टर म्हणून लागावे, असा विचार आहे. संस्था म्हणते, महिन्याला 80 ते 90 तास सहज मिळतील. हे खरे आहे का? (एक पालक, नांदेड)

उत्तर : एखाद्या महिन्यात मिळतील, सहज मात्र नाही. आमच्या अंदाजाने वर्षाची सरासरी 40 ते 45 तास धरावी. ती 50 च्या वर गेली तर संस्था उत्तम चालली आहे असे समजा. 80 हा आकडा थापेचा नसतो, पण तो बहुधा कोरड्या थंडीतल्या एखाद्या चांगल्या महिन्याचा असतो. जुलैचा आकडा आपणहून कोणी सांगत नाही.

नियमांची आडकाठी इथे नाही. वैमानिकाला सलग 30 दिवसांत 125 तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, पण त्या मर्यादेच्या जवळपासही इन्स्ट्रक्टर क्वचितच जातो. तास कमी पडतात ते दुसऱ्याच कारणांनी.

पहिले कारण विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमातच आहे. सीपीएलसाठी 200 तास लागतात आणि त्यातले 100 त्याने ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमान स्वतःच्या ताब्यात घेऊन एकट्याने, उडायचे असतात. त्या 100 तासांत इन्स्ट्रक्टर टॉवरवर किंवा धावपट्टीच्या कडेला रेडिओ घेऊन उभा असतो. जबाबदारी पूर्ण त्याची, लॉगबुकात मात्र शून्य. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे संस्थेतल्या सगळ्या इन्स्ट्रक्टरांना मिळून फार तर 100 तास. शिवाय नवा एएफआय दुसऱ्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो आणि विद्यार्थ्याला पहिल्या सोलोसाठी (एकट्याच्या उड्डाणासाठी) सोडायचा अधिकार त्याला नसतो. त्यामुळे सोलोआधीच्या आणि परीक्षेआधीच्या तपासणी-सॉर्टी (सॉर्टी म्हणजे एक उड्डाण-फेरी) वरिष्ठांकडे जातात.

दुसरे कारण विमाने. उदाहरणादाखल हिशेब मांडू. माहितीपत्रकात सहा विमाने आहेत, पण प्रत्यक्ष उडणारी चारच : एक 100 तासांच्या तपासणीत, एक सुट्या भागाची वाट पाहत. चार विमाने रोज चार तास, महिन्यात 24 दिवस उडाली तर 384 तास होतात. त्यातले निम्मे सोलो, म्हणजे ड्युअल (विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघेही विमानात) उरले 192. इन्स्ट्रक्टर पाच असतील तर प्रत्येकी 38. आता त्या उरलेल्या चारांपैकी एका विमानाचा प्रॉपेलर चुकलेल्या लँडिंगमध्ये जमिनीला लागला असे धरा. इंजिन उघडून तपासल्याशिवाय ते विमान उडत नाही, आणि यात महिने जातात. प्रत्येकाचे तास 29 वर आले.

तिसरे कारण हवामान. शिकाऊ उड्डाणे नजरेवर चालतात. त्यासाठी साधारण 5 किलोमीटर दृश्यमानता आणि 1500 फुटांवर ढग, एवढे तरी हवे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर विदर्भात हे दोन्ही एकत्र मिळण्याचे दिवस मोजकेच. पावसाळ्याच्या महिन्याला 15 ते 20 तास धरा. हिवाळ्यात धानाच्या पट्ट्यात सकाळी धुके बसते आणि पहिली सॉर्टी नऊपर्यंत रखडते. मे महिन्यात आकाश मोकळे असते, पण पारा 45 ला टेकतो. गोंदियाजवळच्या बिरसी तळाची उंची सुमारे 1000 फूट आहे. हवेचा दाब प्रमाण मानला तरी 45 अंशांना तिथली घनता-उंची (विरळ हवेमुळे विमानाला भासणारी उंची) 4800 फुटांच्या आसपास जाते. दोघे माणसे आणि भरलेली टाकी घेऊन लहान सेस्ना चढायला कुरकुरते, अकरानंतर उष्ण झोतांनी सर्किट (धावपट्टीभोवतीची सरावाची फेरी) उधळते आणि विद्यार्थ्याच्या पदरी काही पडत नाही. शहाणी संस्था उजाडता उजाडता उडायला लागते आणि साडेदहाला थांबते.

म्हणून मुलाखतीला जाताना एवढेच मागा : सध्या नोकरीत असलेल्या दोन इन्स्ट्रक्टरांचे मागच्या 12 महिन्यांचे महिनावार तास. मग विचारा, आज उडण्यायोग्य विमाने किती आणि इन्स्ट्रक्टर किती. एका इन्स्ट्रक्टरमागे एक पूर्ण विमानही येत नसेल तर आकडा वाढायचा नाही. 100 तासांची तपासणी तळावरच होते की विमान बाहेर न्यावे लागते, एव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) साठा किती दिवसांचा असतो, आणि पगार महिन्याचा की उडालेल्या तासाचा, हेही लेखी घ्या. तासावर पगार असेल तर जुलै-ऑगस्टची तजवीज आधीच करून ठेवावी लागेल. बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत महिन्यांत असते, तासांत नाही. सही करण्याआधी तिकडेही लक्ष असू द्या.

प्रश्न : मी सहा महिन्यांपासून इन्स्ट्रक्टर आहे. पहाटेपासून तळावर असतो, तरी दिवसाला तीन तासांच्या वर नोंद होत नाही. मोठ्या संस्थांतही असेच असते का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : असेच असते. एका तासाच्या सॉर्टीला अडीच तास लागतात. ब्रीफिंग अर्धा तास, विमानाची पाहणी आणि टाकीतून इंधनाचा नमुना काढून पाणी तपासणे यात 20 मिनिटे, मग उड्डाण, मग 20 मिनिटे डीब्रीफ आणि नंतर प्रशिक्षणाच्या नोंदी. उजेड 12 तास असला तरी चारच्या वर सॉर्टी बसत नाहीत, आणि चार रोज घेतल्या तर चौथ्या विद्यार्थ्याला तुमचा थकवाच शिकायला मिळतो.

जी गळती थांबवता येते ती जमिनीवरची. नेहमीचे उदाहरण घ्या. सेस्ना 172 एसमध्ये 1800 आरपीएमवर (मिनिटाला 1800 फेरे) मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगला वीज देणारी दोन यंत्रे, आळीपाळीने तपासताना फेऱ्यांतली घट 150 च्या आत आणि दोन्हींतला फरक 50 च्या आत हवा. विद्यार्थी फुल रिच (इंधन जास्तीत जास्त असलेल्या) मिश्रणावर दहा मिनिटे रांगेत उभा राहतो, खालच्या स्पार्क प्लगवर शिसे आणि काजळी बसते, घट 200 दाखवते आणि सॉर्टी परत फिरते. प्लग काढून साफ करून बसवेपर्यंत दीड तास गेला, मागचे दोघेही लटकले. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा. प्लग खराब झालाच, तर मिश्रण लीन करून थोड्या जास्त आरपीएमवर मिनिट-दोन मिनिटे चालवल्यावर पुष्कळदा साफ होतो. त्याने भागले नाही तर मात्र इंजिनिअरला बोलवा, रेटून उडू नका.

टायरांचेही असेच. ब्रेक दाबून वळणाऱ्या विद्यार्थ्यामुळे टायर एका जागी घासून सपाट होतो आणि तळावर दुसरा नसेल तर दुपार वाया.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत ॲरिझोनात शिकतो आहे. तिथे इन्स्ट्रक्टर होऊन 1500 तास पुरे करून परतावे, असे त्याच्या मनात आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिथले तास इथल्यापेक्षा जास्त, हे खरे. कोरडी हवा, भरपूर विमाने. घडी बसलेला इन्स्ट्रक्टर महिन्याला 60 ते 80 तास काढतो. तिथे 24 तासांत जास्तीत जास्त 8 तास उड्डाण-शिक्षण द्यायची मुभा आहे. मात्र स्वतःचे विद्यार्थी जमेपर्यंत पहिले दोन-तीन महिने 30-40 वर काढावे लागतात. फ्लोरिडात उन्हाळी दुपारी गडगडाटी ढगांत जातात, ते वेगळेच.

खरी अडचण व्हिसाची. एफ-1 (शैक्षणिक अभ्यासक्रमाच्या व्हिसा) वर शिक्षणानंतर कामाची परवानगी साधारण 12 महिन्यांची. एम-1 (व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसा) वर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, कमाल सहा. हातात 250 तास असताना 70 च्या सरासरीने वर्षभर उडाला तरी 1100 च्या आतच राहील. 1500 ची अट तिथे 2013 पासून विमान कंपनीत को-पायलट व्हायलाही लागू आहे, म्हणून तिथले पुष्कळ जण इन्स्ट्रक्टर होतात. भारतात 200 तासांचे सीपीएल आणि टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान उडवायची पात्रता) यांवर को-पायलट होता येते. 1500 लागतात ते एटीपीएलला (विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरचा परवाना), म्हणजे पुढे कॅप्टन होण्यासाठी. तेव्हा तेवढ्याच आकड्यासाठी तिथे थांबण्यात आम्हाला हशील दिसत नाही. शिकवायची आवड असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : सिम्युलेटरवर शिकवलेले आणि मागच्या सीटवर बसून पाहिलेले तास धरतात का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : मागच्या सीटचे अजिबात नाही. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात लिहा, ते उड्डाणाच्या एकूण तासांत येत नाहीत. ड्युअलचे तास इन्स्ट्रक्टर पायलट इन कमांड म्हणून लिहितो, हा या नोकरीचा मोठा फायदा. पण नुसती सर्किट मारून एटीपीएल होत नाही. त्याला रात्रीचेही 100 तास लागतात, आणि धावपट्टीला दिवे नसलेल्या तळावर ते कधीच जमायचे नाहीत. आठवड्यातून एक रात्रीची आणि एक क्रॉस कंट्री (तळापासून दूरच्या ठिकाणापर्यंतची) सॉर्टी आपल्या नावावर लागेल, एवढे सीएफआयकडून (मुख्य उड्डाण-प्रशिक्षकाकडून) रुजू होतानाच ठरवून घ्या.