पार्सलच्या गाडीवर चालक म्हणून रुजू होतो आहे. वेग लवकर कसा वाढवावा?

पुढच्या सोमवारपासून आपण पार्सलच्या गाडीवर रुजू होणार आहात, गाडी चालवण्याचा चांगला सराव आहे, रोज साधारण १२० थांबे असतील, तर वेग लवकर कसा वाढवावा आणि या कामात पुढे काही वाव आहे का, असे आपण विचारले आहे. गेली नऊ वर्षे मी हेच काम करतो आहे. आपल्या प्रश्नातला ‘वेग’ हा शब्द वाचल्यावर मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण ज्या प्रसंगाने मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवले, तो याच शब्दापायी घडला.

माझे मत स्पष्ट आहे. या कामात वेग रस्त्यावर कमावता येत नाही. तो सकाळी गाडी भरतानाच कमवावा लागतो.

तो माझा चौथा दिवस होता. पहिले तीन दिवस एक अनुभवी चालक सोबत होता आणि त्या दिवशी मी प्रथमच एकटा निघणार होतो. शेवटच्या थांब्याची पार्सले सर्वांत आत, पहिल्याची दाराशी, जड खोकी खाली आणि पाकिटे वेगळ्या ट्रेमध्ये, अशी मांडणी मी करत होतो. ती निम्म्याहून अधिक झाली असताना सुपरवायझर आले आणि म्हणाले, ‘‘गाडी भर आणि नीघ. लावालावी वाटेत कर, बाकीच्या गाड्या केव्हाच गेल्या.’’ मी नवा होतो, म्हणून ऐकले, आणि उरलेली चाळीसएक पार्सले जिथे जागा दिसली तिथे ठेवून निघालो.

सतराव्या थांब्यापर्यंत कसेबसे निभावले. अठराव्या थांब्याचे छोटे पाकीट मात्र काही केल्या सापडेना. स्कॅनरवर ते गाडीत चढवल्याची नोंद होती. मी आत शिरलो, खोकी एकेक करून बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवली, पुन्हा आत भरली, आणि या सगळ्यात जवळजवळ पंचवीस मिनिटे गेली. शेवटी सुपरवायझरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘ग्राहक उपलब्ध नाही असे टाक आणि पुढे हो.’’ मी ते बटण दाबले.

ज्यांचे पाकीट होते त्या बाई फाटकातच उभ्या होत्या आणि माझी शोधाशोध सुरुवातीपासून पाहत होत्या. त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी संदेश वाचला आणि काही न बोलता फोनचा पडदा माझ्याकडे वळवला. आम्ही आलो होतो, परंतु आपण उपलब्ध नव्हता, असे त्यावर लिहिले होते. ‘‘मी तर इथेच उभी आहे,’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या पाकिटात त्यांच्या शिवणयंत्राची बॉबिन केस होती आणि तिच्यावाचून तीन दिवस त्यांचे काम बंद होते, हे मला नंतर कळले.

संध्याकाळी गाडी रिकामी झाल्यावर ते पाकीट सापडले. मागच्या चाकावरचा जो उंचवटा गाडीच्या आत येतो, तो आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीत ते उभे अडकले होते आणि त्याचे लेबल पत्र्याकडे होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या थांब्याच्याही आधी मी ते नेऊन दिले. बाईंनी मला थांबायला सांगितले, पाकीट तिथेच फोडले, आतला भाग उजेडात धरून नीट पाहिला आणि ‘‘हाच,’’ असे म्हणून सही केली.

त्यानंतर सुपरवायझरांशी माझा वाद दोन वर्षे चालला. त्यांचे म्हणणे असे की मांडणीला वीस मिनिटे जास्त लागतात आणि सगळ्या गाड्या वेळेवर बाहेर पडल्याच पाहिजेत. माझे म्हणणे असे की प्रत्येक थांब्यावर शोधण्यात एक मिनिट जरी गेले, तरी १२० थांब्यांचे दोन तास होतात, आणि ते दोन तास दिवसाच्या शेवटी, अंधारात आणि थकलेल्या अंगाने भरून काढावे लागतात. अपघात व्हायचे तर याच वेळी होतात. ते दुसऱ्या डेपोत गेले, पण हा हिशेब त्यांनी कधी मान्य केला नाही. तो आजही तितकाच खरा आहे, आणि नव्या चालकाला घाई करणारा कोणीही कंपनीचा वेळ वाचवत नाही, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून वस्तू सापडली नाही तर तसेच नोंदवा. तो पर्याय स्कॅनरवर नसेल तर डेपोला फोन करून तसे कळवा, पण न घडलेली गोष्ट नोंदवू नका. बोलणी खावी लागतील, ती खा. पार्सल उशिरा आलेले लोक विसरतात. खोटी नोंद कोणी विसरत नाही.

थांब्यांच्या क्रमात पहिले काही आठवडे फारसा फेरफार करू नका. केवळ १० थांब्यांचे ३६,२८,८०० वेगवेगळे क्रम होऊ शकतात, त्यामुळे संगणकाने लावलेला क्रम मनाने सुधारण्याइतकी ओळख त्या भागाशी होण्यास वेळ लागतो. वळणांचा विचार मात्र स्वतः करावा. अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस ही कंपनी आपल्या चालकांचे मार्ग आखताना डावी वळणे शक्यतो टाळते, कारण तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि डावीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. जिथे वाहने डाव्या बाजूने चालतात, तिथे उजव्या वळणांबाबत हेच ध्यानात ठेवावे. गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून मागे पाहून यावे, आरशावर विसंबू नये.

पाठीबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिचाही संबंध मांडणीशीच आहे. ओझे उचलण्याविषयी अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे १९९१ सालचे सुधारित सूत्र आहे. त्यानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही शिफारस केलेली वजनाची मर्यादा २३ किलो आहे. तेच ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर पुढे असले, तर मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. इतर खोक्यांवरून वाकून, हात लांबवून आतले खोके ओढणे म्हणजे नेमके हेच. नीट भरलेल्या गाडीत तशी वेळच येत नाही.

हेही सांगायला हवे की काही डेपोंमध्ये गाडी भरणारी माणसे वेगळी असतात आणि चालकाला भरलेली गाडीच मिळते. तसे असेल तर निदान पहिल्या वीस थांब्यांची पार्सले स्वतः पाहून निघा. मात्र या तयारीसाठी विनावेतन लवकर येण्याची सवय लावून घेऊ नका. मी ती लावून घेतली होती, आणि कामाच्या तासांत हा वेळ मोजला जावा यासाठी मला पुढे झगडावे लागले. गाडी भरणे हे कामच आहे.

पुढे वाव आहे का, या प्रश्नाचे उत्तर डेपोगणिक बदलेल. मला दोनदा सुपरवायझर होण्याविषयी विचारले गेले आणि दोन्ही वेळा मी नकार दिला, कारण सकाळी नव्या मुलांना घाई करणे हाच त्या पदाच्या कामाचा मोठा भाग होता. आपल्याला ते पद मिळाले, तर आपण वेगळे वागू शकाल.

सोमवारी निघण्यापूर्वी चाकाच्या उंचवट्यामागची फट तेवढी पाहा आणि जाड पुठ्ठा दुमडून ती बंद करा. माझ्या गाडीत तो पुठ्ठा गेली नऊ वर्षे आहे. गाडी बदलली की नवा कापून घेतो.