नॉमिनी केलंय म्हणून निर्धास्त राहू नका

प्रश्न : मी आणि माझी जोडीदार अकरा वर्षं ठाण्यात एकत्र राहतो. फ्लॅट तिच्या नावावर आहे; हप्ता ती भरते, घरखर्च मी. सोसायटीत तिने मला नॉमिनी केलंय. तिचे आईवडील हयात नाहीत, भावाने संबंध तोडलेत. तिचं काही बरंवाईट झालं तर घर माझ्याकडे राहील ना?

उत्तर : ताई, आज आहे त्या कागदांवर नाही राहणार. नॉमिनी म्हणून सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेईल, पण मालकी वारसांची. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या जोडीदाराचा वारस तो न बोलणारा भाऊच. अकरा वर्षांचा संसार त्या कायद्याला दिसतच नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून तुमचं नातं बाहेर काढलं. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात नाकारला. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळली. त्यामुळे पत्नीला जे आपोआप मिळतं, ते तुम्हाला कागदावर उभं करावं लागेल.

म्हणून मृत्युपत्र करा, आणि दोघींनीही करा. फ्लॅट तिने स्वतः घेतलेला असल्याने तो कुणालाही देता येतो. ‘भावाला का देत नाही’ हे तिने दोन ओळींत स्वच्छ लिहावं. दोन साक्षीदार हवेत. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी नको. एक साक्षीदार तिचे नेहमीचे डॉक्टर असले तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे कराच.

बक्षीसपत्राचा विचार तूर्त नको. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर दिलं तर 200 रुपये मुद्रांक. तुम्हाला पूर्ण शुल्क, वर प्राप्तिकराचा प्रश्न. मुखत्यारपत्रावरही विसंबू नका, ते माणसाबरोबर संपतं.

बँकेत संयुक्त खातं उघडा. जोडीदाराला नॉमिनी करायलाही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. कुणी अडवलं तर लेखी कारण मागा.

आणि मूळ मृत्युपत्र तिच्या एकटीच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते बाहेर काढण्यापासूनच भांडण सुरू होतं.