लोकप्रिय संस्कृती माध्यमं घडवतात की लोक? याचा अभ्यास कसा करावा?

दोन्ही. पण हे व्याख्या पाठ करून कळत नाही, एखादं उदाहरण धरून खोलात जावं लागतं. मी ‘जय संतोषी माँ’ सुचवेन. १९७५चा, कमी खर्चातला हिंदी चित्रपट. त्याच वर्षी ‘शोले’ आला, तरी हा तुफान चालला. लोक चपला काढून थिएटरात बसायचे, उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती लागली की पडद्यावर फुलं-नाणी उधळायचे. शुक्रवारचं व्रत घरोघरी गेलं: गूळ-चण्यांचा नैवेद्य, आंबट वर्ज्य, शेवटी उद्यापन.

खरी मेख पुढेच आहे. हे व्रत सिनेमाने जन्माला घातलेलं नव्हतं. व्रतकथेच्या स्वस्त पुस्तिका आणि छापील तसबिरी यांतून ते आधीच बायकांमध्ये पसरत होतं. सिनेमाने त्याला चेहरा आणि चाल दिली.

म्हणून नुसता सिनेमा बघून अर्थ लावत बसू नका. घरातल्या आजीला, मावशीला विचारा: व्रत कोणी सांगितलं, पोथी कुठून आणली, सिनेमा आधी पाहिला की उपास आधी धरला? उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि लवकर विचारा, ती पिढी आता थकली आहे.